गुडघ्याचा तिसरा महिना

दुकान वाढवून रात्री अकरा वाजता टर्फवर क्रिकेट खेळावयास जाणारे तरुण आता आपल्या घराघरांत आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र दिवसभर गल्ल्यावर बसलेले शरीर अंग न तापवताच धावू लागते. बूट कृत्रिम हिरवळीत अडकतो, धड वळते आणि गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. त्यानंतर काही तासांतच गुडघा टम्म सुजला, तर पाय मुरगळला असे समजून तेल चोळीत बसू नये. गुडघ्याच्या आतील अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटल्याची ती खूण असू शकते. साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही. तज्ज्ञाने हाताने केलेली तपासणी आणि एमआरआय यांवरूनच निदान होते.

शस्त्रक्रिया प्रत्येकालाच लागते, असे नाही. स्वीडनमधील १२१ तरुणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आधी व्यायाम आणि गरज भासल्यासच शस्त्रक्रिया, असे ज्या ५९ जणांबाबत ठरले होते, त्यांपैकी ३६ जणांचे पहिल्या दोन वर्षांत शस्त्रक्रियेवाचून भागले. परंतु चालताना गुडघा निसटत असेल किंवा पुन्हा वळणावळणाचा खेळ खेळावयाचा असेल, तर डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियाच सुचवितात.

शस्त्रक्रियेनंतर घरच्यांची माया कधीकधी आड येते. आजी गुडघ्याखाली मऊ उशी ठेवते. त्याने बरे वाटते खरे, पण गुडघा किंचित वाकलेलाच राहतो आणि पूर्ण सरळ होणे लांबते. उशी टाचेखाली हवी. पेढीवर मांडी घालून बसण्याऐवजी काही महिने खुर्ची घ्यावी. मांडीचे स्नायू फार लवकर रोडावतात, म्हणून डाळी, दूध, पनीर यांचे प्रमाण वाढवावे. चौविहार पाळणाऱ्यांनी ते सकाळपासूनच विभागून घ्यावे. या काळात मोठी तपश्चर्या करण्याचे मनात असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

खरा धोका पुढेच आहे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास सूज ओसरते, जिना सहज चढता येतो, आणि मित्रांचे फोन येऊ लागतात. आत बसविलेला नवा अस्थिबंध मात्र अजून कच्चा असतो. तो रुग्णाच्याच शरीरातील स्नायुरज्जूचा तुकडा असून, नव्या जागी रक्तपुरवठा रुजेपर्यंत त्याची ताकद आधी घटते आणि मग हळूहळू वाढते. दुखत नाही म्हणजे बरे झाले, हा हिशेब येथे जुळत नाही. २०१६ च्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबविला तितके पुन्हा दुखापतीचे प्रमाण दर महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिची शस्त्रक्रिया २०१७ च्या एप्रिलमध्ये झाली आणि पुढचे सुवर्णपदक तिने २०१८ च्या जुलैमध्ये जिंकले. दिवसभर प्रशिक्षक जवळ असलेल्या खेळाडूला इतका अवधी लागला. आपल्याला तर संध्याकाळी दुकानातून अर्धा तास काढून व्यायाम करावयाचा असतो.

तेव्हा मैदानाची तारीख कॅलेंडर पाहून ठरवू नये. नऊ महिने तर हवेतच. शिवाय दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरील उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के झाले आहे, हे फिजिओथेरपिस्टने मोजून सांगावे. तोवर समाजाची स्पर्धा आली, तर धावा लिहिण्यासाठी वहीजवळ एक माणूस लागतोच.