हबच्या पोटातले गिअर आणि ‘पंक्चरवाला’

गेल्या तीन महिन्यांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न अभ्यासक्रमाचा नाही, निकालाचाही नाही. बाजारात, मशिदीबाहेर, शाळेच्या फाटकाशी लोक सायकलकडे वाकून बघतात आणि म्हणतात, “सर, गिअर बसवलेत म्हणे, पण दिसत तर नाहीत!”

दिसत नाहीत, कारण ते मागच्या चाकाच्या हबमध्ये आहेत. बाहेरून पाहाल तर हब थोडा जाड आहे आणि उजवीकडून बोटाच्या पेराएवढी नाजूक साखळी बाहेर येऊन एका तारेला जोडलेली आहे. हँडलवर एक छोटा खटका आहे. बस्स, इतकंच.

आमचं गाव खाडीच्या काठावर आणि शाळा सड्यावर. मधला चढ दीड किलोमीटरचा, जांभ्याच्या लाल मातीचा. चाळिशी ओलांडल्यावर या चढाने गुडघ्यांशी वैर धरलं. मोटारसायकल घरात आहे, पण सकाळचा तो अर्धा तास सायकलवर जावा अशी माझी हट्टाची सवय. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी दुकानातून एकवीस गिअरची चकचकीत सायकल आणली. मागे सात चक्रं, पुढे तीन, आणि चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा उघड्यावर लोंबणारी.

पहिला पावसाळा तिने कसाबसा काढला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच्याबरोबर जांभ्याची बारीक माती चेनच्या प्रत्येक कडीत शिरते. दुसऱ्या पावसाळ्यात सायकल एसटीच्या टपावर चढवताना मागची ती लोंबती यंत्रणा जरा वाकली. त्यानंतर चेन मनाला येईल त्या चक्रावर बसू लागली. एकवीसपैकी मी वापरत होतो चार, चालत होते दोन. शिवाय माझा पायजमा रोज चेनमध्ये यायचा. मुलीने एकदा ही सायकल नेली आणि ओढणी अडकून पडता पडता वाचली. पुन्हा तिने हात लावला नाही.

तेव्हा लक्षात आलं की ही सायकल आमच्या कपड्यांसाठी बनलेलीच नाही. चेन सारखी इकडून तिकडे सरकणार असेल तर तिच्यावर पूर्ण झाकण बसवता येत नाही. पायजमा, सलवार, ओढणी, बुरखा, साडी, लुंगी हे सगळं तिथे गैरसोयीचं. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलला पूर्ण बंद चेनकव्हर असायचं ते उगाच नव्हे. हबमधल्या गिअरला चेन एकाच रेषेत धावते, त्यामुळे ते कव्हर परत बसवता येतं. माझ्या मुलीच्या दृष्टीने गिअरच्या संख्येपेक्षा ही बाब मोठी आहे.

आता हब कुठून आला ते सांगतो. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरात एक तरी जहाजी असतोच. माझे चाचा बोटीवर होते. त्यांनी विलायतेहून आणलेली रॅले सायकल आमच्या पडवीत वर्षानुवर्षं टांगलेली होती. समुद्राच्या हवेने फ्रेम खाऊन टाकली होती, रिम हाताने चुरगळत होती. पण मागच्या हबवर ‘स्टर्मी-आर्चर’ अशी अक्षरं अजून वाचता येत होती, आणि तेल सोडायची छोटी टोपी शाबूत होती.

हा हब खोलणारा माणूस जवळपास एकच होता: बाजारपेठेच्या टोकाला छोटं दुकान असलेला माझाच एक जुना विद्यार्थी. नववीत दोनदा बसला आणि शाळा सुटली. हब हातात घेऊन त्याने आधी नुसता फिरवला, कानाशी धरून ऐकला आणि म्हणाला, “सर, तेल सुकून गोंद झालाय. तुटलेलं काही वाटत नाही. ठेवून जा.”

चार दिवसांनी गेलो तर जुन्या वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडलेले. ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, प्रत्येकाशेजारी पेन्सिलने आकडा. त्याने यापूर्वी असा हब कधी उघडला नव्हता. फ्रीव्हीलमधले खटके, ज्यांना मिस्त्री लोक ‘कुत्ते’ म्हणतात, त्याला ठाऊक होते. त्यावरून उरलेलं त्याने स्वतःच लावलं.

त्याने मला जे समजावलं ते असं. मधोमध ॲक्सलवर पक्कं बसलेलं, न फिरणारं एक लहान दातेरी चाक असतं. तो सूर्य. त्याच्याभोवती चार छोटी चाकं फिरतात, ते ग्रह, आणि ते एका पिंजऱ्यात बसवलेले असतात. सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं एक कडं. चेनने कडं फिरवलं आणि हबला पिंजऱ्याने ओढलं, तर हब तीन-चतुर्थांश वेगाने फिरतो. हा चढाचा गिअर. उलट, चेनने पिंजरा फिरवला आणि हबला कड्याने ओढलं, तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो. हा सपाटीचा. मधल्या गिअरमध्ये चेनचं चक्र आणि हब बरोबरीने फिरतात, जणू आत काहीच नाही. ‘सूर्य’ आणि ‘ग्रह’ हे शब्द मी त्याला सांगितले, बाकी सगळं त्याचं. माझ्या वाट्याला नेहमीप्रमाणे नावं ठेवण्याचं काम आलं.

पुढची गंमत ऐका. आपल्या साध्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमला चाळीस भोकं असतात, पुढच्या रिमला बत्तीस. ही जुनी इंग्रजी पद्धत. विलायतेतल्या बाजारासाठी बनलेले जुने हबही चाळीस भोकांचे. त्यामुळे चाचांचा हब आपल्या बाजारातल्या साध्या लोखंडी रिममध्ये सहज बसला, टायरही इथलाच. आज नवा तीन किंवा सात गिअरचा जपानी हब मागवला तर तो बहुधा छत्तीस भोकांचा येतो आणि रिमही वेगळी शोधावी लागते. हे करू पाहणाऱ्यांनी हब घेण्याआधी भोकं मोजावीत.

माझ्या नव्या देशी फ्रेममध्ये ॲक्सल बसेना, तेव्हा खाच कानसीने किंचित घासावी लागली. ॲक्सल जागच्या जागी फिरू नये म्हणून दोन्हीकडे दाताचे वॉशर लागतात. ते विसरलं तर गिअर चालत नाहीत. साखळी आणि खटका विलायतेतल्या भाच्याने आणला. या जातीचा हब १९३६ पासून पुढे कित्येक दशकं जवळजवळ तसाच बनत राहिला, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. मागचं चक्र अठरा दात्यांऐवजी बावीसचं टाकलं. पूर्वीच्या माझ्या साध्या सायकलवर पुढे ४४, मागे १८ दाते होते. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जायची, चढ असो वा उतार. आता चढाला ३.३ मीटर, मधल्या गिअरला ४.४ आणि सपाटीला ५.९ मीटर जाते. गुडघ्यांना हा हिशेब लगेच कळतो.

एक पडझडही सांगायला हवी. तार ताणण्याचं काम मी स्वतः केलं, कारण पुस्तकी माणसाला वाटतं की सोपं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये या हबला एक रिकामी जागा असते. तार चुकीची लावली की तिथे पायडल एकदम मोकळं सुटतं. मी उभा राहून जोर देत होतो. पायडल सुटलं आणि मी दांड्यावर आपटलो. पुढचं वर्णन सभ्य लिखाणात करता येत नाही. मिस्त्रीने हसू दाबत दाखवलं: मधल्या गिअरवर ठेवा, उजव्या नटाच्या भोकातून बघा, आतल्या दांडीचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर आलं पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम.

हा हब सर्वांना चालेल असं मी म्हणत नाही. तो जवळपास एक किलोचा आहे. चढाच्या आणि सपाटीच्या गिअरमध्ये थोडी ताकद आतल्या दात्यांत जाते. तीन गिअरमध्ये कुंभार्ली घाट चढण्याचं स्वप्न कोणी बघू नये. चौदा गिअरचा जर्मन हब येतो, त्याची किंमत लाखाच्या वर आहे. तो आपण चित्रातच बघायचा. पण रोजची पाच-सात किलोमीटरची ये-जा, चिखल, गर्दी, सिग्नल, शाळा आणि बाजार यांसाठी हबचे गिअरच योग्य, असं माझं ठाम मत आहे. उभ्या सायकलवरही गिअर बदलता येतो. यंत्रणा बंद डब्यात असते, पाऊस आत सहसा जात नाही. अधूनमधून मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब, एवढीच तिची मागणी. आपल्याकडचे कारखाने मुलांना एकवीसचा आकडा दाखवून सायकली विकतात. त्याऐवजी तीन गिअर आणि बंद चेनकव्हरची सायकल बनवली, तर कितीतरी मुली दहावीनंतरही सायकलवर दिसतील.

पण हा लेख केवळ सायकलसाठी लिहिलेला नाही.

‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्यासाठी कसा वापरला जातो हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. समाजमाध्यमांवर मुसलमान नाव दिसलं की खाली तो शब्द येतोच. २०२५ मध्ये वक्फ कायद्याची चर्चा चालू असताना तर सायकलचं पंक्चर थेट पंतप्रधानांच्या भाषणात पोहोचलं. आपण दुखावतो, चिडतो आणि उत्तरादाखल आपल्यातल्या डॉक्टरांची, कलेक्टरांची यादी देतो. मीही दिली आहे. अलीकडे मला त्या उत्तराचीच लाज वाटते. ती यादी देताना आपण टोमणा मारणाऱ्याची मुख्य गोष्ट मान्य करून टाकतो: पंक्चर काढणं हे हलकं काम आहे.

त्याहून कडू गोष्ट अशी की हा टोमणा मी स्वतः वर्गात वापरला आहे. बी.एड.ला बालमानसशास्त्राचे पेपर चांगल्या गुणांनी सोडवून आलेला मी, मुलांना म्हणायचो, “अभ्यास नाही केलास तर पंक्चर काढत बसशील.” ज्या मुलाला म्हणायचो त्यांतलाच एक आज माझा मिस्त्री आहे. परवा चाकाचा आऊट काढताना तो मान वर न करता म्हणाला, “सर, तुम्ही म्हणायचा ना, पंक्चर काढत बसशील. बघा, बसलोय.” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

आपली आडनावं काय आहेत बघा. तांबोळी, अत्तार, बागवान, शिकलगार, पिंजारी, मोमीन. ही सगळी कामांची नावं. आपण जलशांत अल-जझारीचं नाव अभिमानाने घेतो. त्याने १२०६ मध्ये दातेरी चक्रांच्या आणि पाणी उपसण्याच्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. पण तो स्वतः कारागीर होता, हाताने घडवून बघून मग लिहिणारा, हे सोडून देतो. हजरत दाऊद लोखंडी चिलखतं बनवायचे हे खुतब्यात ऐकतो, आणि घरी येऊन मुलाच्या हाताला ग्रीस लागलं की ओरडतो.

या हबची कथाही तीच सांगते. १९०२ साली पेटंट झालेल्या या गिअरला हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांची नावं मिळाली. स्टर्मी मुळात शाळामास्तर, नंतर लेखक-संपादक. पण त्यामागे ज्याचं डोकं होतं असं जाणकार सांगतात तो विल्यम रायली आधीच्या एका करारात अडकला होता, म्हणून त्याचं नाव हबवर आलं नाही. मास्तरचं नाव राहिलं, मिस्त्रीचं गेलं. मास्तर म्हणून मला हे टोचतं.

कोणी असं समजू नये की मी मुलांना शाळा सोडायला सांगतोय. गरिबीमुळे शाळा सुटणं हा अन्याय आहे आणि त्याला हुनराचं गोंडस नाव देणं ही बेइमानी. माझा मिस्त्री शिकला असता तर यंत्रांचा इंजिनिअर झाला असता, हे मला त्या वर्तमानपत्रावर मांडलेल्या भागांकडे बघून कळलं. नववीत कळलं नाही, कारण मी त्याला शब्दार्थ विचारत होतो. तो नापास झाला तो माझ्या प्रश्नपत्रिकेत.

गेल्या महिन्यात मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी त्याला आठवीच्या वर्गात बोलावलं. त्याने टेबलावर हब खोलला. सूर्य, ग्रह, कडं. मुलांनी दाते मोजले, फळ्यावर अपूर्णांक मांडले. तीन-चतुर्थांश म्हणजे काय, हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा बोटांना कळलं. मागच्या बाकावरची, एरवी वर्गाबाहेर बघणारी मुलं सर्वांत पुढे होती. त्याला मी ‘उस्ताद’ म्हणून ओळख करून दिली. आमच्या शाळेत हा शब्द शिक्षकासाठी वापरतात. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाना उचलला.

माझ्यासारख्या शिक्षकांना एकच विनंती आहे. वर्गात ‘पंक्चर काढत बसशील’ हे वाक्य आजपासून बंद करा. बाहेरचे लोक तो शब्द कधी थांबवतील ते आपल्या हातात नाही. आपल्या तोंडातून तो जाणं मात्र आपल्याच हातात आहे.