मुका मारही कागदावर येऊ द्या

बांधावरून, पार्किंगवरून, नळाच्या पाण्यावरून भांडण होतं, कुणीतरी हात उचलतो, आणि मार खाल्लेला माणूस ठाण्यात जाऊन एवढंच सांगतो, "साहेब, मला मारलं." कळकळीची विनंती आहे, एवढ्यावर थांबू नका. कोणी, कशानं, अंगावर नेमकं कुठं मारलं आणि त्यानं काय झालं, ते सगळं सांगा. गुन्हा कोणत्या कलमाखाली जाणार, हे त्यावरच ठरतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ११४ प्रमाणे कुणाला शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता आणणं म्हणजे दुखापत. रक्त आलंच पाहिजे, अशी अट नाही. पाठीत बसलेला मुका मारही दुखापतच. मात्र साधी दुखापत अदखलपात्र. तिची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हत्यार वापरलं, आगीनं भाजलं किंवा उकळतं पाणी अंगावर टाकलं, तर गुन्हा दखलपात्र होतो.

जबर दुखापतही दखलपात्र, आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कलम ११६ मध्ये हाड मोडण्याच्या जोडीला दात मोडणं किंवा निखळणंही आहे. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तोंडावर बुक्की बसून दात पडला, तरी "एक दातच तर गेला" म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका. पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा तेवढे दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती जबर दुखापत. जुन्या कायद्यात हे वीस दिवस होते. म्हणून रजेचा अर्ज, औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे जपून ठेवा.

ठाण्यातून मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी दवाखान्याला दिलेलं पोलिसांचं पत्र, घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. जखम मोठी असेल तर यादीसाठी खोळंबू नका, आधी उपचार. वळ लाल असतो, मग काळानिळा पडतो, पुढे हिरवट, पिवळा होत जातो. जखम किती जुनी, याचा अंदाज डॉक्टर त्या रंगावरून बांधतात. चार दिवसांनी गेलात तर हा पुरावा फिका झालेला असतो.

बायाबापड्यांना वेगळं सांगायचंय. नवऱ्यानं मारलेलं असतं, सोबत सासरचं माणूस उभं असतं, आणि डॉक्टरांनी विचारलं की तोंडून निघतं, "मोरीत पाय घसरला." डॉक्टर तेच लिहितात. पुढे कोर्टात तोच कागद तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. डॉक्टरांना म्हणा, मला एकटीला तुमच्याशी बोलायचंय. मग खरं सांगा, आणि कागदावर काय लिहिलं ते वाचून घ्या. तेही जमण्यासारखं नसेल, तर घराबाहेर पडल्यावर १८१ ला फोन करा. जीवावर बेतलं असेल तर ११२.