कलदार, हाली आणि नांगराची निशाणी

पूर्व लंडनमध्ये डॉ. बर्नार्डो यांनी 1877 साली गरिबांच्या मुलांसाठी उघडलेल्या एका शाळेचं आता संग्रहालय झालं आहे. आजची शाळकरी पोरं तिथं जुन्या वेशात बाकांवर बसतात, पाटीवर गिरवतात आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कडक शिस्तीचा तास अनुभवतात. प्रयोग उत्तमच आहे. पण गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या वर्गात तो तसाच उचलून आणू नये. उमापूर निजामाच्या मुलखात होतं आणि पश्चिमेला शेवगावच्या बाजूला गेलं की इंग्रजी अंमल लागायचा. एवढी मोठी सरहद्द शाळेच्या इतकी जवळ असताना इतिहासाच्या शिक्षकानं दुसरीकडे कशाला जायचं?

पटांगणात फक्कीनं एक रेघ मारा. पलीकडे इंग्रजांचा कलदार रुपया, अलीकडे निजामाचा हाली शिक्का. या दोहोंचा पुढे स्थिरावलेला भाव साधारण सहा कलदारांना सात हाली असा होता. रेघेवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका बसवा. निजाम आणि इंग्रज यांच्यातल्या 1802 च्या तहानं ही जकात शेकडा पाच ठरली होती. नगरकडून 120 कलदारांचं कापड आणणाऱ्या पोराला सहा कलदार, म्हणजे सात हाली मोजू द्या. फेटे, कोट, मिशा यांवर तयारीचा वेळ घालवू नका. स्नेहसंमेलनात ती हौस भागते.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कर्जखताला. सावकार मोडीत खत लिहितो आणि कुणबी खाली नांगराचं चित्र काढतो. निरक्षर शेतकऱ्याची सही म्हणजे ही निशाणी. आपल्या नाटुकल्यांत सर्रास दिसणारा शाईचा अंगठा 1875 च्या आसपासच्या काळासाठी उशिराचा आहे, तेवढं सांभाळा. मग दिढीनं बियाणं द्या: खरी ज्वारी, खरं माप. पायलीचे चार शेर नेले, सुगीला सहा परत. ती दोन शेरांची रास सावकाराकडे सरकवताना पोरांचे चेहरे बघा. व्याजाचं गणित फळ्यावर कितीही वेळा मांडलं तरी ते असं पोचत नाही.

यानंतरच 12 मे 1875 चं सुपे शिकवावं. तिथं सावकारांविरुद्ध पेटलेला शेतकऱ्यांचा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोक मागत होते ती खतं, आणि जाळत होते तीही खतंच. का, हे आता पोरंच सांगतील. 1879 मध्ये इंग्रजी अमलातल्या दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा आला. रेघेपलीकडच्या कुणब्याला त्याचा आधार मिळाला, अलीकडच्याला नाही. पोरांना पुन्हा रेघेपाशी उभं करा आणि मगच हे सांगा.

एका बाबतीत मात्र आम्ही हटून बसणार आहोत. भूमिका चिठ्ठ्या टाकूनच वाटा. आडनाव पाहून कुणाला पाटील केलं, कुणाच्या हाती झाडू दिला, तर त्या पोराच्या मनावर ओरखडा उठतो आणि तो शिक्षकाच्या ध्यानातही येत नाही. बलुत्याचा प्रसंग असेल तर दर फेरीला भूमिका फिरवा. मुलींनाही सावकार, कुलकर्णी, नाकेदार होऊ द्या. दुष्काळाचा प्रसंग घेतलात तर आणखी एक पथ्य: 1876 ते 78 च्या दुष्काळात माणसं भुकेनं मेली. त्या भुकेचा अभिनय कोणत्याही मुलाकडून करून घेऊ नका.

तासाची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. सगळ्यांना भूमिकेतून बाहेर काढून गोल बसवा आणि सावकार झालेल्या पोराला आधी बोलू द्या.