देवमासा कोणाचा, होडी कोणाची?

निसर्गरक्षण हा सुखवस्तूंचा छंद आहे, अशी समजूत श्रमिकांच्या चळवळीत पुष्कळ काळ घर करून होती. देवमासे पाहण्यासाठी समुद्रात नेणाऱ्या सहली हे तर त्या छंदाचे टोकच, असे कित्येक कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु या व्यवसायाकडे थट्टेने पाहून चालणार नाही. २००८ सालच्या जागतिक पाहणीनुसार ११९ देश व प्रदेशांत सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी अशा सहली केल्या आणि त्यांतून सुमारे २१० कोटी डॉलर्सची उलाढाल झाली. ज्या प्राण्याचे मोल शतकानुशतके चरबीच्या पिंपांत मोजले गेले, तो जिवंत राहिला तरच पैसा मिळतो, अशी ही नवी अर्थव्यवस्था आहे. मात्र तो पैसा कोणाच्या हाती पडतो आणि समुद्रावर शब्द कोणाचा चालतो, हे तिकिटावर छापलेले नसते. समाजवाद्यांना रस असला पाहिजे तो याच प्रश्नात.

या दृष्टीने न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कायकोरा या छोट्या गावाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ हजार मीटरहून अधिक खोल घळीत उतरतो. या घळीतील विपुल अन्नामुळे स्पर्म जातीचे देवमासे तेथे वर्षभर आढळतात. याच कारणाने १८४२ साली येथे देवमाशांच्या शिकारीचे ठाणे उभे राहिले. न्यूझीलंडमधील शिकार थांबली ती १९६४ साली, आणि सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला १९७८ साली.

१९८४ नंतर तेथील मजूर पक्षाच्याच सरकारने खुल्या बाजाराचे धोरण स्वीकारले. सरकारी खात्यांची पुनर्रचना झाली, रेल्वेतील नोकऱ्या गेल्या, आणि त्याचा मोठा फटका कायकोराच्या माओरी वस्तीला बसला. श्रमिकांच्या नावाने सत्तेवर आलेल्या पक्षाने श्रमिकांनाच बाजाराच्या हवाली करावे, हा अनुभव एकट्या न्यूझीलंडचा नाही. वेगळे आहे ते पुढे घडलेले. १९८७ साली बिल सॉलोमन आदी स्थानिक पुढाऱ्यांच्या प्रेरणेने काही माओरी कुटुंबांनी राहती घरे गहाण टाकली, कर्ज काढले आणि एका लहान रबरी होडीतून पाहुण्यांना देवमासे दाखवण्यास आरंभ केला. त्यांचा पूर्वज पाइकेआ देवमाशाच्या पाठीवरून या भूमीवर आला, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा. काटी कुरी समाजाच्या मालकीची ही संस्था गावाचा प्रमुख आर्थिक आधार बनली.

येथे या व्यवसायाचे अर्थशास्त्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. स्पर्म देवमासा पाऊण तासाच्या आसपास पाण्याखाली राहतो, वर येऊन सुमारे दहा मिनिटे श्वास घेतो आणि पुन्हा बुडी मारतो. पाण्यात सोडलेल्या ध्वनिग्राहकाने त्याचे आवाज ऐकून तांडेल त्याचा माग काढतो. म्हणजे विक्रीस काढलेली वस्तू आहे ती या प्राण्याच्या विश्रांतीची दहा मिनिटे. ती वाढवता येत नाहीत. प्रत्येक जादा होडीचा नफा तिच्या मालकाचा, पण तिने दिलेल्या त्रासाची झळ सर्वांना. एखाद्या सज्जन तांडेलाने अंतर राखले, तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसते. अशा ठिकाणी व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबणे म्हणजे सज्जनालाच दंड करणे होय.

म्हणून न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांचे महत्त्व. देवमाशाच्या ५० मीटरच्या आत होडी न्यायची नाही, पिल्लासह असलेल्या मोठ्या देवमाशापासून २०० मीटर दूर राहायचे आणि ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनहून अधिक वाहने नकोत. परवान्याशिवाय धंदाही करता येत नाही. देवमासा न दिसल्यास भाड्याची ८० टक्के रक्कम परत देण्याची या संस्थेची प्रथा आहे. म्हणजे निसर्गाच्या अनिश्चिततेचा भार संस्थेने उचलला; तो एकट्या तांडेलाच्या माथी मारला नाही.

अर्थात, यशाचा वास येताच बाहेरचे भांडवलही दाराशी आले. दुसऱ्या अर्जदारास परवाना देण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा न्गाई टाहू या मूळ जमातीने दाद मागितली. १९९५ साली अपील न्यायालयाने दिलेला निर्णय मोलाचा आहे. या व्यवसायाचा मक्ता जमातीला मिळू शकत नाही, संरक्षणाचा हेतू सर्वोपरी आहे. परंतु १८४० च्या वायटांगी तहाची तत्त्वे लक्षात घेता तिला वाजवी प्राधान्य मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. मुक्त स्पर्धेचा मंत्र जपणाऱ्यांना यात पक्षपात दिसेल. पण ज्यांची जमीन आणि समुद्र आधीच हिरावला गेला, त्यांना धनवंतांच्या ओळीत उभे करून समान संधीची घोषणा करणे हीच खरी विषमता नव्हे काय?

या चित्रालाही काळी बाजू आहे. नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने कायकोराचा समुद्रतळ उचलला गेला आणि बंदर निकामी झाले. २०२० साली साथीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. एकाच व्यवसायावर गाव तोलून धरण्यातील धोका दोन्ही वेळा उघड झाला. शिवाय दूरदेशीचे पाहुणे इंधन जाळत विमानाने येतात आणि तिकीटही श्रमिकाला सहज परवडणारे नाही. ही सहल म्हणजे समाजवाद, असा दावा कोणी करू नये. परंतु ज्यांच्या हाती व्यवसाय होता, त्यांनी तो गल्ल्यापुरता ठेवला नाही. २००५ पासून माओरी, मच्छीमार, व्यावसायिक आणि पर्यावरणवादी एकत्र बसले आणि त्यांच्या आराखड्यातून २०१४ चा कायकोरा सागरी व्यवस्थापन कायदा, सागरी राखीव क्षेत्र व देवमाशांचे अभयारण्य आकाराला आले.

उलट उदाहरण आपल्या शेजारीच आहे. श्रीलंकेचे यादवी युद्ध २००९ साली संपल्यावर दक्षिणेकडील मिरिसा येथे निळे देवमासे दाखवणाऱ्या बोटी झपाट्याने वाढल्या. नियमही २०१२ साली झाले; तरी एकेका देवमाशाभोवती बोटींचा गराडा पडू लागला. पलीकडून मालवाहू जहाजांचा मोठा मार्ग जातो आणि त्यांच्या धडकेने देवमासे मरतात, हे ज्ञात असूनही २०२२ साली एका बड्या कंपनीने जहाजे दक्षिणेकडे वळवली ती स्वेच्छेने. कागदावरील नियम आणि पाण्यावरील सत्ता यांतील अंतर असे असते.

कोकण आज या दोन वाटांच्या तिठ्यावर आहे. दापोलीपासून मालवणपर्यंत डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या धावतात आणि पाहुणा खूश व्हावा म्हणून कळपाचा पाठलाग होतो. दुसरीकडे मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेच्या साहाय्याने कासवांची अंडी राखली, पाहुण्यांना घरी उतरवले आणि त्यांचे पैसे गावातील घरांत आणले. संरक्षित प्राणी सोडवताना जाळे कापावे लागल्यास भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ साली सुरू केली. जाळे तोडणाऱ्याच्या पोटाचा विचार केला की तोच रक्षक होतो, एवढे यातून सिद्ध झाले आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. डॉल्फिन वा देवमासे दाखवण्याचे परवाने प्रथम किनाऱ्यावरील मच्छीमार सहकारी संस्थांना द्यावेत, होड्यांची संख्या व अंतर कायद्याने ठरवावे, आणि भाड्याचा ठराविक हिस्सा समुद्राच्या देखरेखीसाठी गावाच्या निधीत जमा व्हावा. त्याचबरोबर पर्ससीन व प्रखर दिव्यांची मासेमारी रोखली नाही, तर सहलीच्या तिकिटावरील संरक्षणाची भाषा केवळ जाहिरात ठरेल. पहिल्या परवान्यांचे वाटप झाल्यावर मोर्चे काढून उपयोग नसतो. किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांनी सहकारी संस्थांच्या बैठकांत हा विषय आजच मांडला पाहिजे. आणि जो सहलीला जाईल, त्याने होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी एवढे विचारावे: ही होडी कोणाची, ती किती अंतरावर थांबणार, आणि माझ्या पैशातले या गावात किती राहणार?