नकाशा रंगण्याआधी हरकत घ्या

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. त्यांत शहरांत राहणारे शेकडा १८ च्या आतच. म्हणजे कारंजा, मंगरुळपीर, रिसोडच्या पेठा खेड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतात.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो. पण पेठेत शिरत नाही. जेथे चढण्या-उतरण्याची सोय, तेथेच उद्याची गोदामे आणि गॅरेज उभी राहणार.

कोणती जागा कोणत्या कामाला, हे १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखालील आराखडे ठरवतात. मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात आणि मुदत संपते. आपला वेल्डर, पिंजारी, सुतार राहत्या घराच्या ओट्यावरच कारखाना चालवतो. नकाशात ती जागा निव्वळ रहिवासी ठरली, तर परवाना अडू शकतो. नोटीस हाती पडल्यावर धावपळ करून काय उपयोग?

जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांतील निवडून आलेल्यांमधून असावेत, असे राज्यघटना सांगते. तेव्हा मत मागायला येणाऱ्यालाच विचारा : कारागिरांसाठी गाळे कोठे? आठवडी बाजाराला जागा किती?

व्यापारी बांधवांनी पेठेपेठेत एकत्र बसून मसुदा पाहावा, मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच जपून ठेवावी. ओट्यावर बसून केलेली तक्रार दप्तरी नोंदली जात नाही.