साहस कशास म्हणावे?

हलक्या कागदावर छापलेल्या साहसकथांची मासिके अमेरिकेत भरभराटीस आली, त्या काळी बातमीदार तरुणी ही कथाकारांची आवडती नायिका होऊन बसली. चोरांच्या अड्ड्यात ती बेधडक शिरे खरी. परंतु संकट ओढवताच तिला सोडविण्यास बहुधा कोणी पुरुषच धावून येई. स्त्रीच्या धाडसास टाळ्या पिटावयाच्या, परंतु तिच्या कर्तृत्वावर विश्वास ठेवावयाचा नाही, अशी ही गुणग्राहकता! कल्पित गोष्टींचे असो. त्या मासिकांच्या आधीच जी बातमीदार प्रत्यक्ष प्रसिद्धीस आली, तिची तरी पारख जगाने नीट केली काय?

नेली ब्लाय या नावाने लिहिणाऱ्या एलिझाबेथ कोक्रन हिने सन १८८७ मध्ये वेडाचे सोंग घेतले. डॉक्टरांनी तिला वेडी ठरविले, न्यायाधीशाने तिची रवानगी केली, आणि न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल बेटावरील वेड्यांच्या इस्पितळात ती दहा दिवस राहिली. आत पाऊल टाकताच तिने सोंग टाकून दिले. तथापि तिचे शहाणपण कोणास दिसले नाही! निकृष्ट अन्न, गार पाण्याची आंघोळ, परिचारिकांची मारहाण, आणि केवळ इंग्रजी येत नसल्यामुळे आपली कैफियत मांडू न शकणाऱ्या परदेशी स्त्रिया, हे सर्व तिने ‘वर्ल्ड’ पत्रातून चव्हाट्यावर आणले. पंचांनी चौकशी केली. नगराने वेड्यांच्या निगेसाठी अधिक पैसा मंजूर केला.

पुढे ८० दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा बेत तिने मांडला, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले की, हे काम पुरुषाचे. स्त्रीला सोबत लागेल, पेट्याही पुष्कळ लागतील. मग पाठवा पुरुषास, मी त्याच दिवशी दुसऱ्या पत्रातर्फे निघून त्यास मागे टाकीन, असे तिने बजाविले! १४ नोव्हेंबर १८८९ रोजी एक हातपिशवी घेऊन ती निघाली व ७२ दिवस ६ तास ११ मिनिटांत परतली. पत्राने तिच्या प्रवासाच्या वेळेवर पैज लावून लोकांकडून अंदाज मागविले. ठिकठिकाणी गर्दी लोटली.

आमचा प्रश्न येथेच आहे. जयजयकार झाला तो या ७२ दिवसांचा. परंतु मुक्या जिवांचे हित साधले ते त्या १० दिवसांनी. व्यापारी बंधूंनी हा जमाखर्च स्वतःच मांडून पाहावा. प्रदक्षिणेने पत्राचा खप वाढला. इस्पितळातील वास्तव्याने समाजाचे देणे फिटले.

बायकांनी असल्या फंदात पडणे ही पाश्चात्त्यांची थेरे होत, असे कोणी म्हणेल. त्यांनी ध्यानात घ्यावे की, स्वातंत्र्याची शेखी मिरविणाऱ्या त्या देशाने सर्व राज्यांतील स्त्रियांस मताचा हक्क देण्यास सन १९२० उजाडू दिले. तत्पूर्वी सन १९१४ मध्येच, वयाच्या पन्नाशीत, ही बाई ऑस्ट्रियाच्या रणभूमीवरून युद्धवार्ता पाठवीत होती. तिला हे बळ देशाने दिले नाही. ते तिचे स्वतःचे होते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, वृत्तपत्राच्या दारी कन्या काम मागण्यास आली, तर तुझ्या सोबतीस कोण, हे विचारू नये. कोणता अन्याय उजेडात आणशील, एवढेच विचारावे, आणि कामाचा योग्य मोबदला रोख द्यावा. टाळ्यांवर कोणाचे पोट भरत नाही.