तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि न विचारलेली संमती

#थ्रेड

१/ गेल्या दिवाळीत माझ्या मामेबहिणीने मला माजघरात एकटे गाठून विचारले, "ताई, ते तीन महिन्यांचं इंजेक्शन घेतल्यापासून पाळीच आली नाही गं. दिवस गेले नाहीत, तपासून पाहिलं. मग मला काही झालंय का?" तिला काहीही झालेले नव्हते. हा त्या औषधाचा सुपरिचित परिणाम आहे. तो तिला कोणी सांगितला नव्हता, इतकेच. या 'इतकेच'ला मोठा इतिहास आहे. हा धागा त्याविषयी.

२/ प्रथम औषधाविषयी. डीएमपीए, म्हणजेच 'डेपो-प्रोव्हेरा', हे प्रोजेस्टिन वर्गातील संप्रेरक आहे. १५० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन महिन्यांनी स्नायूत टोचतात. त्यामुळे बीजविमोचन थांबते. वेळच्या वेळी घेतल्यास वर्षभरात शंभरात एकीलाही गर्भ राहत नाही. इस्ट्रोजेन नसल्यामुळे बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी स्तनदा मातेलाही ते घेता येते.

३/ आता दुसरी बाजू. सुरुवातीस अनियमित रक्तस्राव होतो, पुढे अनेकींची पाळी थांबते, काहींचे वजन वाढते. औषध सोडल्यावर गर्भधारणेस बरेच महिने लागू शकतात. वापराच्या काळात हाडांची घनता घटते. सोडल्यावर ती बहुतांशी भरून येते. याच कारणास्तव अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर ठळक इशारा छापावयास लावला.

४/ गोळी उद्यापासून बंद करता येते, तांबी काढून घेता येते. एकदा टोचलेली मात्रा मात्र शरीरातून परत काढता येत नाही. पुढचे तीन महिने ती सोसावी लागते. म्हणून या साधनाच्या बाबतीत सगळे सांगणे सुई टोचण्यापूर्वीच झाले पाहिजे. माझ्या मते संपूर्ण वादाचे मूळ येथे आहे.

५/ अटलांटातील ग्रेडी रुग्णालयाच्या दवाखान्यात १९६७ ते १९७८ या काळात हजारो स्त्रियांना हे इंजेक्शन दिले गेले. त्यांतील बहुसंख्य गरीब आणि कृष्णवर्णीय होत्या. १९७८ मध्ये अमेरिकेने गर्भनिरोधक म्हणून त्यास मान्यता नाकारली आणि ती १९९२ मध्ये दिली. दरम्यान अनेक देशांत ते सर्रास वापरले जात होते.

६/ झिंबाब्वेचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे. गोऱ्या ऱ्होडेशियन राजवटीने हे इंजेक्शन कृष्णवर्णीय स्त्रियांना मोठ्या प्रमाणावर दिले, म्हणून स्वतंत्र झिंबाब्वेने १९८१ मध्ये त्यावर बंदी घातली. परंतु नवऱ्याच्या वा सासूच्या नकळत वापरता येणारे तेच एक साधन अनेकींच्या हाती होते. बंदी घालतानाही त्यांना कोणी विचारले नाही.

७/ आपल्याकडे या वादामागे आणीबाणीची सावली आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. लक्ष्य आधी ठरवायचे आणि माणसे नंतर शोधायची, ही सवय त्या काळात पक्की झाली.

८/ १९८५, हैदराबादजवळील पाटनचेरू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कार्यक्रमात दुसऱ्या एका इंजेक्शनच्या, 'नेट-एन'च्या चाचण्या सुरू होत्या. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या स्त्रियांना गर्भ राहणार नाही एवढेच ठाऊक होते. आपण एका चाचणीचा भाग आहोत, हे त्यांना सांगितले गेले नव्हते. ते उघडकीस आणले 'स्त्री शक्ती संघटने'च्या कार्यकर्त्यांनी.

९/ १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची 'सहेली' आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती निकाली निघाली २००० साली. पाठपुरावा आणि समुपदेशनाची सोय नसेल तेथे नेट-एनचा सरसकट वापर करणार नाही, अशी भूमिका तोवर सरकारने घेतली होती. चौदा वर्षांच्या लढ्याचे सार त्या एका अटीत आहे.

१०/ डेपो-प्रोव्हेरा १९९३ पासून खासगी बाजारात मिळू लागले. सरकारी कार्यक्रमात ते घेऊ नये, असे औषध तांत्रिक सल्लागार मंडळाचे १९९५ मधील मत होते. २०१७ पासून मात्र ते 'अंतरा' या नावाने सरकारी केंद्रांत विनामूल्य दिले जाते.

११/ आज दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, स्त्रीसंघटनांनी अडवणूक करून स्त्रियांना एका चांगल्या साधनापासून वंचित ठेवले. दुसरी म्हणते, हे इंजेक्शन म्हणजे गरीब स्त्रीवरील प्रयोगच. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. पहिली पाटनचेरू विसरते. दुसरी झिंबाब्वे विसरते, आणि घरात गोळ्यांचे पाकीट लपवायला जागा नसलेल्या स्त्रीलाही विसरते.

१२/ पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रीनसबंदीवर अवलंबून आहेत. पुरुषनसबंदी ०.३ टक्के, इंजेक्शन ०.६ टक्के. ज्या देशात स्त्रीपुढील मुख्य पर्याय शस्त्रक्रिया हाच आहे, तेथे एक तात्पुरते साधन वाढले तर मी त्याचे स्वागतच करीन. पण ते सांगून-समजावून दिले तरच त्याला पर्याय म्हणावे. अन्यथा तो केवळ पुरवठा.

१३/ र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. साधने पुरवण्याइतकेच ज्ञान पुरवणे त्यांनी आपले काम मानले आणि त्यासाठी 'समाजस्वास्थ्य' १९२७ पासून अखेरपर्यंत चालवले. शंभर वर्षांनंतर आपण साधने पोहोचवण्यात त्यांच्या कितीतरी पुढे गेलो. ज्ञानाच्या बाबतीत तसे म्हणवत नाही.

१४/ म्हणून माझी मागणी साधी आहे. किती मात्रा दिल्या याच्या आकड्याशेजारी आणखी दोन आकडे असावेत: किती जणी दुसऱ्या मात्रेस परतल्या नाहीत आणि का, व किती जणींना पाळी थांबण्याची कल्पना आधी दिली होती. २००० सालच्या त्या अटीचा अर्थ याहून वेगळा नाही.

१५/ मामेबहिणीला मी सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "एवढंच होतं, तर आधी सांगायचं ना. मी घेतलंच असतं." पुढच्या तारखेला ती केंद्रात गेली आणि तिने इंजेक्शन घेतले. पहिल्या वेळी ते तिला दिले गेले होते. या वेळी तिने घेतले.

(समाप्त. मतभेद असल्यास अवश्य लिहावे.)